धक्का बंद, चूल चालू

टॅनर बेटावरची गावसभा म्हणजे शाळेचा हॉल, करकरणारी बाकं, आणि मागच्या टेबलावर कॉफी नि डोनट. शंभर वर्षं हेच चाललेलं. पण कोरोनाच्या वर्षी हॉलमध्ये कोण बसणार? म्हणून जूनच्या त्या शनिवारी सभा भरली शाळेमागच्या गवतात आणि माणसं बसली आपापल्या गाड्यांत. काचा खाली, तोंडावर मास्क, रांगांमागून रांगा पिकअप उभे. पुढे गावाचा एकुलता एक आगीचा बंब, आणि त्याच्या लाउडस्पीकरचा माईक हातात घेऊन सभाध्यक्ष बंकरबाई. बेटावरच्या एकखोली शाळेत त्यांनी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं होतं. समोरच्या गाड्यांमधल्या अर्ध्याअधिक माणसांचे कान त्यांनी कधी ना कधी पिळले होते, त्यामुळे शांतता चटकन झाली.

बाईंनी जाहीर केलं की मत द्यायला हात वर करायची गरज नाही. बाजूने असाल तर हॉर्न वाजवा, विरोधात असाल तर नंतर वाजवा. सोपं काम.

आता ही चूक टॅनर बेटाच्या माणसानेच करावी. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर चालवायची सोय उरली नाही की गाडी मरायला बेटावर येते. खारा वारा तिचं उरलंसुरलं खातो. दारं शेवंडाच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, सापळ्यांच्या दोरीने बांधलेली, मागचा दिवा असला तर पुढचा नाही. आणि हॉर्न कशाला हवाय? अख्ख्या बेटाला रस्ता एक, आणि आवाजावरून कुणाची गाडी आली ते स्वयंपाकघरात बसून कळतं.

मागच्या सभेचा वृत्तांत मंजूर करायला बाईंनी पहिला कौल घेतला. तीन हॉर्न वाजले. एक बकरीसारखा ओरडला. आणि वेंडेल क्रॉकेटचा जो वाजला तो थांबेचना. वेंडेल खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत हात घालून एक वायर उपटली आणि शिव्या गिळत परत जाऊन बसला. सगळं मैदान हसलं. टिल्डा पेटिंगिलला वाटलं, मार्चपासून गावाला असं एकत्र हसताना आपण ऐकलंच नव्हतं.

टिल्डा सोळा वर्षांची. मत नाही, म्हणून ती बाजूच्या कुंपणापाशी मत नसलेल्या पोराटोरांत उभी होती. दुसऱ्या रांगेत तिच्या आईचा निळा पिकअप होता. स्टिअरिंगवर आई, शेजारी आजोबा, आणि दोघंही सरळ समोर बघत होते.

त्या दिवशीचा खरा विषय एकच होता. बोटींचा धक्का उघडायचा की नाही.

मार्चमध्ये गावाने निवडलेल्या तीन कारभाऱ्यांनी बेटाचा धक्का परक्या माणसांना बंद केला होता. टपालाची बोट तेवढी यायची, पीठ, औषधं, पत्रं उतरवायची आणि रिकामी परत जायची. बेटावर एकही माणूस आजारी पडला नव्हता. पण उन्हाळी पाहुणे आले नाहीत तर धक्क्यावरचं टिल्डाच्या आईचं खानावळीचं दुकान चालत नाही. नोरीन पेटिंगिलचं शिंपल्यांचं चावडर, म्हणजे दुधातलं दाट सूप, प्यायला लोक किनाऱ्यावरून तासभर बोट करून यायचे. जून ते सप्टेंबरची ती कमाई वर्षभर पुरवायची. या वर्षी चूल पेटलीच नव्हती. आईने पलीकडच्या बँगोर शहरातल्या मावशीशी बोलणं करून ठेवलं होतं: मावशीकडे दोन खोल्या आहेत, तिथल्या वृद्धाश्रमाला स्वयंपाकीण हवी आहे, धक्का उघडला नाही तर सप्टेंबरात जायचं. आणि आजोबांनी सांगून ठेवलं होतं की ते कुठेही जाणार नाहीत, न्यायचंच असेल तर पेटीत घालून न्या.

उघडला तर? आजोबांची फुप्फुसं आधीच अर्धी. जिना चढले की भात्यासारखा आवाज. डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीने येणार आणि दवाखाना पाण्यापलीकडे. तो आजार एकदा बेटावर उतरला, की तो सगळ्यात आधी कुणाच्या दारात जाईल हे टिल्डाला कुणी सांगायला नको होतं.

त्यात त्या आठवड्यात भलतंच झालं. बुधवारी आजोबांनी तिला अंगणात गाठून हळूच सांगितलं की ते धक्का उघडण्याच्या बाजूने मत देणार आहेत. म्हाताऱ्याच्या छातीपायी पोरीचा धंदा बुडवायचा नाही. आईला बोलू नकोस. गुरुवारी ती आईला शोधत धक्क्यावर गेली, तर आई बंद दुकानात स्वच्छ पातेली पुन्हा घासत बसलेली. तिने वर न बघता सांगितलं की ती बंद ठेवण्याच्या बाजूने मत देणार आहे. दुकान काय, दुसरं निघेल, बाप दुसरा मिळत नाही. आजोबांना बोलू नकोस.

म्हणजे एका पिकअपमध्ये शेजारी शेजारी बसून दोघं एकमेकांचं मत रद्द करणार होते, आणि ते जगात फक्त टिल्डाला माहीत होतं. तिने दोन दिवस तोंड घट्ट मिटून ठेवलं. तिच्यासाठी हे सोपं नव्हतं, कारण आताशा तिचं तोंड फार चालायला लागलं होतं. मार्चपासून म्हाताऱ्या माणसांच्या दारात किराणा ठेवायचं काम तिच्याकडे आलं होतं. पिशवी पायरीवर ठेवायची, मागे सरायचं आणि खिडकीतून गप्पा मारायच्या. वर्गात उत्तर येत असूनही मान खाली घालणारी मुलगी ती. पण बंद काचेतून बहिऱ्या म्हातारीला हवामान सांगायचं तर ओरडावंच लागतं, आणि रोज ओरडून ओरडून तिच्या लक्षात आलं की आपला आवाज चांगला मोठा आहे आणि आपल्याला तो आवडतो.

बाईंनी विषय वाचला आणि ठिणगी पडली.

वेंडेल क्रॉकेट पहिला बोलला. खाडीत सर्वांत जास्त सापळे त्याचे, आणि सर्वांत जास्त शब्दही त्याचेच. त्याचं म्हणणं असं की लस येईपर्यंत धक्क्यावर काळं कुत्रंही उतरू देऊ नये. त्यावर हेस्टर ड्यूईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिची भाड्याची उन्हाळी घरं बेटाच्या दक्षिण टोकाला. ती म्हणाली की वेंडेलला शेवंड विकायला माणसं लागत नाहीत, पण तिला घरं भाड्याने द्यायला माणसंच लागतात. आणि तिच्याकडे झाडलोट करणाऱ्या बायकांनी काय खायचं, समुद्राचा वारा? मग कुणी म्हणालं हेस्टरला जीवापेक्षा पैसा प्यारा. कुणी म्हणालं वेंडेल कोरोना यायच्या आधीपासूनच माणसांना भितो. एका गाडीतून आवाज आला की म्हातारे तसेही जायचेच आहेत. त्यावर शेजारच्या गाडीतून त्या माणसाच्या आईची विचारपूस झाली, आणि बाईंना बंबाचा भोंगा वाजवावा लागला.

मग पुन्हा तेच. जीव की पैसा, जीव की पैसा. टिल्डाच्या डोक्यात तिडीक गेली. जणू बेटाच्या एका टोकाला जीववाले राहतात आणि दुसऱ्या टोकाला पैसेवाले. तिच्या घरात दोन्ही एकाच टेबलाशी बसून एकाच पावाला लोणी लावत होते. तिने आईकडे पाहिलं. आई समोर बघत होती. आजोबांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती.

टिल्डाने हात वर केला.

बंकरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मत नसलेल्या माणसाला बोलायचं असेल तर सभेची परवानगी लागते, मिस पेटिंगिल. कुणाची हरकत?"

हेस्टरची होती. "पोरीला आईने पढवून उभं केलंय," ती म्हणाली. आईची मान तेवढी लाल झाली.

हॉर्नचा नाद बाईंनी सोडून दिला होता. परवानगी द्यायची असेल त्यांनी गाडीतून उतरून दाराशी उभं राहावं, असं त्यांनी सांगितलं. तेही एक प्रकरणच झालं, कारण ज्यांची दारं दोरीने बांधलेली ते खिडकीतून बाहेर आले. एक गृहस्थ अर्धे बाहेर येऊन अडकले आणि त्यांचं मत तसंच मोजलं. परवानगी मिळाली. टिल्डा बंबापाशी गेली, बाईंनी माईक पुसून तिच्या हातात दिला आणि त्या चार पावलं लांब सरकल्या.

लाउडस्पीकरवरचा स्वतःचा पहिला श्वास ऐकून ती दचकली. मग तिने मनाशी म्हटलं, समजा ही एक मोठी खिडकी आहे.

"गाभोळीवाली शेवंडाची मादी सापडली की आपण काय करतो?" तिने विचारलं. "शेपटीत खाच पाडतो आणि पाण्यात सोडतो. पुढच्या वर्षी तीच दुसऱ्याच्या सापळ्यात येते. गाभोळी नसते, चांगली वजनदार असते, पण खाच दिसली की तोही सोडतो. एकटा बोटीवर असला, कुणी बघत नसलं तरी सोडतो. पणजोबांच्या वेळेपासून सोडतोय, म्हणून आपल्याकडे शेवंड आहेत. मला धक्का बंद ठेवणं तसंच वाटतं. आत्ता हातातलं सोडायचं, म्हणजे पुढे माणसं राहतील. माझे आजोबा राहतील."

तिला जोर चढला.

"पण खाचेचं असं की सगळेच सोडतात. या वेळी सगळ्यांनी नाही सोडलेलं. माझ्या आईने सोडलं. हेस्टरमावशींनी सोडलं, त्यांच्याकडच्या बायकांनी सोडलं. बोटी मात्र रोज जातायत. बंदीची किंमत ज्यांच्याकडून वसूल होते ते वेगळे, आणि बंद ठेवा म्हणणारे वेगळे. हे बरोबर नाही."

तिला वाटलं होतं आता वेंडेलकाका फुटणार. पण तो हळूच उतरला आणि बॉनेटला टेकून उभा राहिला. बोलला तेही इतक्या सावकाश, की लोकांनी माना बाहेर काढल्या.

"पोरी, हॉटेलं बंद आहेत," तो म्हणाला. "बॉस्टनची बंद, न्यूयॉर्कची बंद. माझा शेवंड कोण खातो असं तुला वाटतं? व्यापारी निम्मा माल घेतो, तोही निम्म्या भावाने. गेल्या आठवड्यात मी दोन पेट्या धक्क्यापर्यंत आणल्या आणि परत नेऊन पाण्यात ओतल्या. खाच नसलेले होते, चांगले होते."

गाडीत बसलेल्या त्याच्या बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. मागच्या रांगेतून आणखी एक जण म्हणाला, मीसुद्धा ओतले. मग आणखी एक. बोटीवाल्यांनी हे एकमेकांनाही सांगितलं नव्हतं. चांगला माल परत पाण्यात टाकल्याची लाज प्रत्येकालाच वाटत होती.

टिल्डाचे कान तापले. एवढ्या सगळ्यांसमोर, लाउडस्पीकरवर, ती चुकली होती. आधीची टिल्डा असती तर माईक टाकून थेट जंगलात पळाली असती. ही टिल्डा म्हणाली, "मला माहीत नव्हतं, वेंडेलकाका. माझं चुकलं." आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात काहीतरी फिरायला लागलं आणि ते पुरतं जुळायच्या आत तोंडातून बाहेर पडायला लागलं.

"म्हणजे तुमच्याकडे गिऱ्हाईक नसलेला माल आहे," ती म्हणाली, "आणि आमच्याकडे गिऱ्हाईक नसलेली चूल."

कुणीतरी हसलं. तिने थांबून विचार केला नाही, थांबली असती तर धीर गेला असता. टपालाची बोट रिकामी परत जाते. दर उन्हाळ्यात इथे येणारी माणसं पलीकडेच बसलीयत, घरात कोंडून, बेटाच्या चवीला तरसून. हेस्टरमावशींकडे त्या सगळ्यांचे फोन येतात, त्या स्वतःच सांगतात. माणसं इकडे यायला नकोत, पण आपलं जेवण तिकडे जाऊ शकतं. चावडर, सोललेल्या शेवंडाचे डबे, बर्फात. सोलायला हात लागतात, ते झाडलोटीचं काम गेलेल्या बायकांचे. धक्का लांबलचक आहे, टेबलं लांब लांब मांडता येतील. आणि पहिलं पातेलं गावात जाईल, ज्यांच्या दारात ती रोज पिशवी ठेवते त्यांच्याकडे. "कारण ती माणसं आजारी नाहीत," टिल्डा म्हणाली, "पण ती बरीसुद्धा नाहीत. दक्षिण टोकाची मिस थर्लो मला दहा मिनिटं थांबवून घेण्यासाठी दर वेळी पिशवीतलं काहीतरी चुकलंय म्हणते. काही चुकलेलं नसतं."

मग प्रश्न सुरू झाले. भाव कोण ठरवणार? माहीत नाही. बोट जास्तीचा फेरा करेल का? विचारावं लागेल. माझी घरं मात्र रिकामीच राहणार ना, हेस्टरने विचारलं. "हो, मावशी. या वर्षी राहतील. फोनवरच्या मागण्या तुम्ही घेतल्यात तर त्यातला वाटा मिळेल, पण भाड्याएवढा नाही."

बंकरबाईंनी माईक परत घेतला, टिल्डाला कुंपणापाशी परत पाठवलं आणि सांगितलं की मत नसलेल्या व्यक्तीला सूचना मांडता येत नाही. धक्का ऑगस्टअखेरपर्यंत बंद, आणि तोवर बोटी, चूल नि टपालाची बोट गावाने एकत्र चालवावी, अशी सूचना कुणाला मांडायची असेल तर आत्ता मांडावी.

टिल्डाने आईकडे पाहिलं. आईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. ती मांडणार नव्हती, हे उघडच होतं, स्वतःच्या दुकानासाठी ती जन्मात हात पुढे करणार नाही. आजोबांनी टोपी वर केली, खोकले, पण मांडायला दम पुरला नाही.

"मांडली," वेंडेल क्रॉकेट म्हणाला.

"अनुमोदन?"

मग हेस्टर ड्यूई म्हणाली, "द्या लिहून माझं नाव. नाइलाजाने. आणि नाइलाजाने हा शब्दही लिहा."

बाईंनी बाजूच्या लोकांना उतरून उभं राहायला सांगितलं. पहिल्या रांगेतली दारं उघडली. दोऱ्या सुटल्या, माणसं खिडक्यांतून निघाली. टिल्डा एवढ्या माणसांकडे बघतच नव्हती. ती निळ्या पिकअपकडे बघत होती. आधी आजोबांच्या बाजूचं दार उघडलं. एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय, मग छताला धरून ते उभे राहिले, श्वास गोळा करत. त्याच वेळी पलीकडचं दार उघडलं आणि आई उतरली. दोघांनी एकदमच मान वळवली. गाडीच्या छतावरून बाप आणि लेक एकमेकांकडे बघत राहिले. ही दोघं आता एकाच बाजूला उभी होती, आणि कुणीही कुणासाठी काही सोडून दिलेलं नव्हतं.

आजोबांनी काहीतरी विचारलं. आईने मान हलवली आणि मास्कच्या वरून डोळे पुसले. टिल्डाला ऐकू आलं नाही, पण तू कुठल्या बाजूने मत देणार होतीस, असंच त्यांनी विचारलं असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि आता तिला दोन्हीकडून बोलणी बसणार हेही.

सूचना मंजूर झाली. एकमताने नाही. शेवटच्या रांगेतली बरीच मंडळी हाताची घडी घालून आतच बसून राहिली, आणि एक जण गाडी सुरू करून सभेतून निघूनच गेला. बाईंनी निकाल सांगितला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चूल जिची आहे तिला कुणी विचारलंच नाही.

"मिसेस पेटिंगिल, तुमचं म्हणणं?"

नोरीन पेटिंगिलला माईक लागत नव्हता. "मला आधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. "ते मी घरी बघते. आता माझ्या अटी ऐका. दया म्हणून आणलेली एक पेटीही दुकानात घेणार नाही. भाव ठरेल, दोघांना परवडेल असा, आणि तो पाटीवर लिहून लावेन. वेंडेल, कात टाकलेले मऊ शेवंड माझ्या माथी मारशील तर तुझ्या बोटीत आणून ओतेन. सोलायला येणाऱ्यांनी नखं कापून यायचं. मिस थर्लोचं चावडर कमी मिठाचं." एवढं बोलून ती गाडीत चढायला वळली, थांबली आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या लेकीकडे बघून, तशाच खणखणीत आवाजात म्हणाली, "बोलली चांगलं. माझी मुलगी आहे ती."

सगळं गाव ती कुणाची मुलगी आहे हे तिच्या जन्मापासून जाणत होतं. तरी आईला ते सांगावंसं वाटलं. टिल्डाला हसू आवरेना. मास्कच्या आत गालांना ताण पडेपर्यंत ती हसत होती आणि कुणाला दिसत नव्हतं याचं तिला वाईट वाटत होतं.

शेजारच्या एका पोराने विचारलं की झालं का, आता घरी जायचं का. झालं नव्हतं. पुढचा विषय होता कचऱ्याच्या खड्ड्याकडे जाणारा रस्ता, आणि त्यावर वेंडेल नि हेस्टर दोघंही आपापल्या गाडीतून एकदमच बोलायला लागले होते. टिल्डा कुंपणाच्या खांबावर चढून बसली. तिला रस्त्याबद्दलसुद्धा एक-दोन गोष्टी म्हणायच्या होत्या.